मोत्याची धाव

नागपुरांत महालांत आमचें घर आहे. आजोबांनीं बांधलेलें, वडिलांनीं वाढविलेलें आणि आम्हीं दुरुस्त करकरून टिकविलेलें. अंगणांतून त्याच्या ओट्यावर जाण्यास तीन पायऱ्या आहेत. जन्मापासून आम्ही त्या चढत-उतरत आलों, परंतु त्यांची उंची किती, हा प्रश्न कधीं मनांत आला नव्हता. गेल्या माघांत फूटपट्टी घेऊन ती मोजण्याचा प्रसंग आला. उंची २२ इंच भरली. मोजण्याचें निमित्त घरांतील कोणी माणूस नव्हतें; घरचा कुत्रा होता.

मोत्या कांहीं विलायती जातीचा नव्हे. विदर्भाबाहेरील वाचकांस सांगावयास हवें कीं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुलें चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवितात. तेरा वर्षांपूर्वीं त्या दिवशीं आमचा थोरला नातू आपला बैल ओढीत घरीं आला, आणि बैलामागून एक तांबूस पिल्लूही आलें. पिल्लाला हांकलावें तर नातू त्याच्यामागें निघे. तेव्हां दोघेही राहिले.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारें घर दादा म्हणे, ते पडवींतल्या बंगईवर बसून दिवसाचा बराच भाग वाचनांत घालवीत. (आम्ही बंगई म्हणतों, पुण्याकडे झोपाळा म्हणतात.) मोत्यानें त्या बंगईखालची जागा पसंत केली. वहिनींचें सोंवळें कडक. त्यांनीं मोत्याला आजवर हात लावलेला नाहीं, पण त्याच्या वाटणीची भाकरीही कधीं चुकविलेली नाहीं. दादा चार वर्षांपूर्वीं गेले. वर्षश्राद्धानंतर बंगई उतरवून माडीवर ठेवली. मोत्या पुष्कळ दिवस त्याच रिकाम्या जागेंत येऊन निजत असे.

माघांत तो पहिल्या पायरीशीं अडूं लागला. सकाळीं साखळी हातीं घेतली कीं शेपटी हलवीत ओट्याच्या कडेपर्यंत येई, खालीं पाही, आमच्याकडे पाही, आणि मागें सरे. आम्हीं ३६ वर्षें वर्गांत उभें राहून काढलीं. इतक्या काळांत एक गोष्ट अंगवळणीं पडते. ती ही कीं, जो करीत नाहीं त्याला करावयाचेंच नाहीं, असें धरून चालावयाचें. आम्हीं मोत्याचा हट्ट समजलों आणि साखळी ओढली. त्याचे पुढचे पाय दुसऱ्या पायरीवर आले, मागचे वरच राहिले, आणि तो कुशीवर खालीं कोसळला. ओरडला नाहीं. उठतांना मागचा एक पाय दोनदां घसरला, आणि मग तो हळूहळू चालत आमच्याचजवळ येऊन उभा राहिला. हें लिहितांना लेखणी अडखळते, परंतु पुढचें सगळें येथूनच सुरू झालें. तेव्हां गाळून चालणार नाहीं.

त्या दिवसापासून त्यानें खालीं उतरणेंच सोडलें. तेरा वर्षांत ज्यानें घर कधीं घाण केलें नाहीं, तो आतां रात्रभर कोंडून धरी आणि पहांटे पडवीच्या कोपऱ्यांत लघवी करून मान खालीं घालून बसे. एकत्र कुटुंबांत अशी गोष्ट कोणा एकाची राहत नाहीं. देवघराची वाट पडवींतून. वहिनींना एकदां सोडून दोनदां स्नान करावें लागलें. सूनबाई न बोलतां फरशी पुसत, आणि घरांतलें न बोलणें हें बोलण्याहून मोठ्यानें ऐकूं येतें. एके रात्रीं जेवतांना पुतण्यानें सुचविलें कीं, उमरेडकडे ओळखीच्या शेतावर त्याची सोय लागेल. आणखी कोणाच्या तरी तोंडून 'सुटका' हा शब्द निघाला. थोरला नातू भरल्या ताटावरून उठून गेला.

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या आम्हांस एक शब्द आठवला. अमरकोशांत कुत्र्याचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत कौलेयक असें एक आहे. बालपणीं तें अर्थ न कळतां पाठ झालें होतें. पुढें व्याकरण वाचतांना पाहिलें तर पाणिनीनें या शब्दासाठीं एक खास सूत्र खर्चीं घातलेलें! कुल, कुक्षि आणि ग्रीवा या तीन शब्दांना तो एक प्रत्यय लावतो, पण अर्थ अनुक्रमें कुत्रा, तलवार आणि अलंकार असा असेल तरच. कुशीला असते ती तलवार कौक्षेयक, गळ्यांत असतो तो दागिना ग्रैवेयक, आणि कुळांत असतो तो कुत्रा कौलेयक.  आतां कौलेयकाला कुळाबाहेर, उमरेडच्या शेतावर नेऊन सोडावयाचें म्हणजे शुद्ध वदतोव्याघात! सकाळीं आम्हीं पुतण्याला हें सांगितलें. तो म्हणाला, "काका, पाणिनीला फरशी पुसावी लागली नव्हती." त्याचेंही खोटें नव्हतें.

नागपूरकरांचें एक भाग्य असें कीं, येथें १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि २००० सालीं महाराष्ट्राचें पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठही येथेंच स्थापन झालें. त्यामुळें जनावरांचे जाणते डॉक्टर या शहरांत दुर्मिळ नाहींत. मोत्याला रिक्षांत घालून अशाच एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं क्ष-किरणांचें चित्र उजेडासमोर धरून दाखविलें. पाठीच्या मणक्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे फुटले होते, आणि मागच्या पायांच्या सांध्यांत संधिवात शिरला होता. उभ्या कुत्र्याच्या शरीराचा सुमारें तीनपंचमांश भार पुढच्या पायांवर असतो. पायरी उतरतांना तो आणखी पुढें ढळतो, आणि तोल राखण्याचें काम मागच्या पायांकडे येतें. तेच लुळे पडत चाललेले. "हा पायरीला भीत नाहीं, मास्तर," डॉक्टर म्हणाले, "याला आपल्या मागच्या पायांचा भरंवसा राहिलेला नाहीं."

वजन २२ किलो होतें. तें तीन किलोंनीं उतरवावयास सांगितलें. नखें वाढलीं होतीं. लांब नखांमुळें गुळगुळीत फरशीवर पंजा नीट टेकत नाहीं, म्हणून तीं कापलीं. औषध दिलें. आणि एक ताकीद दिली, ती ज्या घरीं कुत्रा आहे त्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी: माणसाच्या अंगदुखीची गोळी दया येऊनसुद्धां कुत्र्यास देऊं नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळीनें त्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. सूनबाईंनीं आदल्याच रात्रीं अशी अर्धी गोळी काढून ठेवली होती. मोत्यानें ती भाकरीबरोबर घेतली नाहीं, म्हणून वांचला. शेवटीं डॉक्टर म्हणाले, पायऱ्या टाळा, चढण करून द्या.

चढण करणें म्हणजे काय मोठेंसें, असें आम्हांस वाटलें. अडगळींत जुन्या खाटेची चार फुटी फळी होती. ती पायऱ्यांच्या बाजूला, भिंतीला लागून ओट्यावर टेकविली, आणि लाकूड कुजूं नये म्हणून वरून पत्रा ठोकला. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, हें आम्ही जन्मभर अनुभवलेलें. तरी पत्रा ठोकतांना तें आठवूं नये, याला काय म्हणावें? चैत्र नुकताच लागला होता, तरी अकरा वाजतां त्यावर आमचा तळहात ठेववेना, मग मोत्याचा पंजा कसा ठेववावा? संध्याकाळीं, पत्रा निवाल्यावर, त्यानें एक पाय ठेवला. पत्रा धाडकन् वाजला. मोत्या जो मागें सरला, तो तीन दिवस त्या बाजूस फिरकला नाहीं. "काका, ही घसरगुंडी झाली," पुतण्या म्हणाला. मग गणित करून पाहिलें. फळी ओट्यावर दोन इंच टेकलेली, म्हणजे ४६ इंचांत २२ इंच चढ. कोन २८ अंशांहून अधिक. घसरगुंडीच ती.

हें काम गणितानें आधीं आणि करवतीनें मागाहून व्हावयास हवें होतें. आमचें आजोळ काटोलकडचें. तेथें विहिरीवर मोट होती, आणि मोट ओढतांना बैल ज्या उतरणीवरून चालत तिला धाव म्हणत. धावेची लांबी विहिरीच्या खोलीवर ठरे. उतार मात्र बैलाच्या खुरावर ठरे. बैल घसरतो आहे असें दिसलें कीं आजोबा त्याला चाबूक मारीत नसत, धावेवर माती घालीत. चार दिवस घरांतले सगळे 'रॅम्प, रॅम्प' म्हणत होते. धाव हा शब्द आठवल्यावर आम्हांस अर्धें काम झाल्यासारखें वाटलें. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मोत्याची अंगणापर्यंत झाली तरी पुरे.

उतार किती असावा? माणसांच्या चाकांच्या खुर्चीसाठीं एक इंच चढास एक फूट लांबी, असें प्रमाण सरकारी नियमांत आहे. त्या हिशेबानें आमच्या ओट्यास २२ फूट लांब धाव हवी, आणि अंगण आहे चौदा फूट. कुत्र्याला सुदैवानें इतकी लांबी लागत नाहीं. एकास तीन हें प्रमाण, म्हणजे अदमासें १८ अंश, त्याला झेपतें. लीलावतींतल्या भुज-कोटि-कर्णाच्या रीतीनें हिशेब मांडला: कोटि २२ इंच, कर्ण ७०, तर भुज साडेसहासष्टच्या आसपास. ओट्यावर टेकण्यास दोन इंच धरले तर सहा फुटी फळी हवी.

हें एकास बाराचें प्रमाण वहींत लिहितांना आमचा हात मध्येंच थांबला. आमच्या वर्गांत एकदां पोलिओनें पाय गेलेला एक मुलगा होता. शाळेच्या दारांत चार पायऱ्या होत्या. त्याचा थोरला भाऊ त्याला पाठीवर घेऊन वर आणी, आणि भावाची शाळा दुसरी असल्यानें दोघांपैकीं एकाला रोज उशीर होई. उशिराबद्दल आम्हीं त्या मुलाला वर्गासमोर बोललेलें आहे. चार पायऱ्यांवर एक फळी टाकावी, हें आम्हांसच काय, शाळेंत कोणासच त्या तीन वर्षांत सुचलें नाहीं.

असो. आतां सहा फूट लांब, दीड फुटाहून रुंद आणि वीस किलोंच्या ओझ्याखालीं लवणार नाहीं अशी फळी पाहिजे होती, कारण पायाखालीं हलणाऱ्या वस्तूवर मोत्या पुन्हा पाय ठेवणार नव्हता. लकडगंजांत जाऊन लांकूड पाहावें असा विचार आम्ही पडवींत बोलत होतों. देवघराच्या उंबऱ्याशीं वहिनी वाती वळीत बसल्या होत्या.

"भाऊजी, माडीवर बंगईची फळी आहे ना," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ती दादांची आहे."

"म्हणूनच म्हणतें. सागवानी आहे, वांकायची नाहीं. तो इतकीं वर्षें तिच्याखालीं निजत होता. आतां वरून चालला म्हणून काय बिघडलें?" आणि वाती उचलून त्या आंत गेल्या. माडीवरून फळी खालीं आणली तेव्हां त्या बाहेर आल्या नाहींत.

फळी दीड इंच जाड, वीस इंच रुंद आणि बरोबर सहा फूट लांब भरली. सुताराला बोलाविलें. (आमच्याकडे वाढई म्हणतात.) त्यानें ती उलटीसुलटी करून पाहिली, बोटानें टिचकी मारली, आणि 'हिला खिळा मारूं नका' म्हणून आम्हांलाच बजावलें. जें बसवावयाचें तें भोंक पाडून स्क्रूनें बसविलें. चारी कोपऱ्यांना बंगईच्या साखळ्यांच्या पितळी कड्या होत्याच. त्यांतल्या दोन ओट्याच्या कडेस बसविलेल्या आंकड्यांत अडकविल्या, त्यामुळें फळी मागें सरकण्याची भीति गेली. पोटाखालीं आधाराला एक ठेंगणी घोडी दिली. एका बाजूस भिंत होतीच. उघड्या बाजूस तीन इंचांची पट्टी उभी लावली, कीं मागचा पाय चुकून कडेबाहेर जाऊं नये. तिला पिवळा रंग दिला. कुत्र्याला तांबडें आणि हिरवें नीट निराळें दिसत नाहीं. पिवळें आणि निळें दिसतें, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना कड ठळक दिसलेली बरी.

पायाला अटकाव म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या, आणि येथें पुन्हा आमची चूक झाली. पट्ट्या पाऊण इंच उंच ठेवल्या होत्या. मोत्या मागचे पाय उचलीत नाहीं, ओढतो. त्याचीं बोटें प्रत्येक पट्टीला अडकूं लागलीं. सुतारानें त्या रंधून पाव इंचावर आणल्या, आणि वरून काथ्याची चटई ताणून बसविली. काथ्या तापत नाहीं आणि नखाला धरतो. धाकट्या नातीनें आपला तान्ह्या पोळ्याचा बैल वरून सोडून पाहिला. पत्र्याच्या फळीवरून हाच बैल सुसाट जाऊन तुळशीवृंदावनावर आदळला होता. या वेळीं तो अडखळत, थांबत, अर्ध्यावर येऊन उभा राहिला. सर्वांना पटलें कीं धाव साधली.

मोत्याला पटण्यास मात्र बारा दिवस लागले. पहिल्या दिवशीं फळी अंगणांत सपाट जमिनीवर ठेवली, आणि त्याला उचलून खालीं नेऊन तिच्यावरून नुसतें चालविलें. पलीकडच्या टोकाला भाकरीचा तुकडा. दुसऱ्या दिवशीं तेंच. मग एका टोकाखालीं एक वीट, दोन दिवसांनीं दुसरी, मग तिसरी. तो थांबला कीं आम्हीही थांबत असूं. साखळी सैल; ओढणें नाहीं, ओरडणें नाहीं. सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकींतून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, मुलांना पाढे शिकवितांना तुम्हीं असें केलें असतें तर!" आम्हीं ऐकूं न आल्यासारखें केलें. तेराव्या दिवशीं फळी ओट्याला लावली. मोत्या वरच्या टोकाशीं बराच वेळ उभा राहिला. मान खालीं करून त्यानें फळीच्या कडा हुंगल्या. जुना वास त्याला लागला कीं काय, तें त्याचें त्याला ठाऊक. मग पुढचा एक पाय, दुसरा, आणि मग मागचे. खालीं पोहोंचल्यावर त्यानें तुळशीपलीकडच्या पारिजातकाला वळसा घातला आणि जें करावयाचें तें इतक्या सावकाश केलें कीं नात टाळ्या वाजवूं लागली.

शेजाऱ्यांनीं थट्टा केली, ती होणारच. एकानें विचारलें, मोत्यासाठीं आतां पालखी केव्हां? आम्हीं त्यांस महाप्रस्थानाची आठवण करून दिली. हिमालय चढतांना द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम सगळे पडले. युधिष्ठिराबरोबर टिकला तो कुत्राच. तो तरुण होता कीं म्हातारा, हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं. इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्याला घेणार नाहीं म्हणाला, तेव्हां धर्मराज एकटा रथांत चढावयास तयार झाला नाहीं. समजा इंद्र हो म्हणाला असता, तर म्हाताऱ्या कुत्र्याला रथावर चढविलें कसें असतें? आमच्या शेजाऱ्यांस उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसही सुचलें नव्हतें.

वैशाखांत एके दिवशीं दिवेलागणीला मोत्या फळीवरून वर येत होता. वहिनी ओट्यावर पाट टाकून बसल्या होत्या. दिवाळीपासून तुळशीला दिवा लावण्यास त्या स्वतः जात नाहींशा झाल्या होत्या, सूनबाईंना पाठवीत. वय झालें, दमतात, असें आम्ही समजून होतों; विचारलें कोणींच नव्हतें. मोत्या शेजारून गेला तेव्हां त्यांनीं नेहमींप्रमाणें पदर सांवरला आणि कोणाकडे न पाहतां म्हणाल्या, "कुत्र्याला धाव झाली. मला एक कठडा मिळाला तरी चालेल."

त्यांचें वय ७६. नोव्हेंबरांत त्या मधल्या पायरीवर एकदां तोल जाऊन बसल्या होत्या. तें त्यांनीं कोणाला कळूं दिलें नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं गवंडी आला. त्यानें तीन उंच पायऱ्यांच्या पांच ठेंगण्या केल्या, आणि पुतण्यानें भिंतीच्या बाजूस हाताला येईल असा लोखंडी गज बसविला. मोत्याच्या धावेवरून कोणा माणसानें चढूं नये, हेंही येथें लिहून ठेवतों. एकास तीनचा उतार चार पायांसाठीं आहे. दोन पायांच्या म्हाताऱ्यास तो घात करील. आमच्या मेहुण्यांनीं एकदां तो प्रयोग केला, आणि पिवळ्या पट्टीनें त्यांस वांचविलें.

आतां आषाढ लागला आहे. भिजलेल्या काथ्यावर शेवाळ धरतें, म्हणून चटया दोन केल्या आहेत. एक फळीवर, एक चुलीशेजारीं वाळत. मोत्याचें वजन १९ किलोंवर आलें आहे. मागचे पाय सुधारले नाहींत, सुधारणारही नाहींत. डॉक्टरांनीं तसें स्पष्ट सांगितलें आहे. थंडींत काय होईल तें पाहूं. वहिनींचा दिवा मात्र रोज तुळशीपाशीं लागतो.

रात्रीं फळी बाहेर ठेवीत नाहीं. सागवान आहे, आणि पाऊसही असतो. पुतण्या आणि नातू ती उचलून पडवींत आणतात, आणि खालून वारा लागावा म्हणून दोन तिवयांवर आडवी ठेवतात. कुलूप लावून दिवा मालविला कीं थोड्या वेळानें फरशीवर नखांचा आवाज येतो. मोत्या उठून त्या फळीखालीं जातो आणि सकाळपर्यंत तेथेंच निजतो.